एकाच पिकअपचे दोन जबाब: काळ्या मातीत ‘भरवसा’ म्हणजे नेमकं काय?

मार्केट यार्डाबाहेरच्या टपरीवर तुम्हीही हे ऐकलं असेल. दोन माणसं, एकाच कंपनीची, एकाच मॉडेलची, जवळपास एकाच वर्षाची पिकअप. एक म्हणतो, “अडीच लाख किलोमीटर झालं भो, इंजिनाला पाना लागला नाही.” दुसरा कपातला चहा संपायच्या आत गाडीची आई-बहीण काढून मोकळा होतो. “डबडं आहे. महिन्यातून चार दिवस मिस्तरीच्या दारात.”

दोघांपैकी कोणीही खोटं बोलत नसतो.

माझ्या चुलतभावाला सध्या लोडिंग गाडी घ्यायची आहे. शेत जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यात, केळी आणि थोडा कापूस. महिनाभर तो असे जबाब गोळा करतोय आणि जितके गोळा करतो तितका जास्त गोंधळतो. शेवटी मला म्हणाला, “दादा, तूच सांग, कोणती घेऊ?” कोणती ते मी सांगितलं नाही. पण हे जबाब कसे वाचायचे, ते सांगता येईल.

‘दणकट’ या एका शब्दात तीन गोष्टी

आपण ‘गाडी दणकट आहे’ म्हणतो तेव्हा तीन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरतो.

बैलांवरून बघू. सातपुड्यापलीकडून आणलेला एक निमाडी बैल चिखलातून गाडी ओढून काढतो. ही झाली ताकद, म्हणजे वाईट वाटेवर निभाव लागणं. दुसरा बैल तितका जोरकस नाही, पण वर्षभरात एकदाही बसला नाही. हा झाला भरवसा. तिसरा अधूनमधून आजारी पडतो, पण डॉक्टर गावातच आहे, औषध स्वस्त आहे आणि दुसऱ्या दिवशी बैल पुन्हा औताला. या तिसऱ्या गुणाला ‘दुरुस्तीची सोय’ म्हणू.

मोटारींच्या जगात भरवसा मोजायची एक साधी रीत आहे. जे. डी. पॉवर नावाची अमेरिकन संस्था मालकांना विचारते आणि शंभर गाड्यांमागे किती तक्रारी आल्या ते मोजते. आकडा जितका कमी तितका भरवसा जास्त. यात गाडी चिखलातून निघाली की नाही, हा प्रश्नच नाही. तीन वर्षं डांबरी सडकेवरून दूध वाहणारी गाडी या मोजणीत पहिली येऊ शकते आणि तीच आमच्या शेतरस्त्यावर पहिल्या पावसात आडवी होऊ शकते.

टपरीवरचा पहिला माणूस भरवशाबद्दल बोलत होता. दुसऱ्याची तक्रार बहुधा वाटेची होती. गाडी एक होती, प्रश्न दोन होते.

पाणाड्याची विहीर

गावात पाणाड्या येतो, नारळ तळहातावर ठेवून शेतात फिरतो, एका जागी नारळ उभा राहतो. तिथे पाणी लागलं की पुढची दहा वर्षं त्याचं नाव निघतं. जिथे सहाशे फुटांवरही धूळच उडाली तो शेतकरी ती गोष्ट कोणाला सांगत नाही. कर्ज फेडत गप्प बसतो. मग आपल्याला वाटतं, या माणसाचं पाणी चुकतच नाही.

गाड्यांचंही तसंच आहे. अडीच लाख किलोमीटर चाललेली पिकअप आजही टपरीसमोर उभी असते, म्हणून तिची गोष्ट ऐकू येते. जी ऐंशी हजारांवर भंगारात गेली तिचा मालक आता दुसऱ्या गाडीचं कौतुक करत असतो. वाचलेल्यांचंच ऐकायचं आणि गेलेल्यांची मोजदाद करायची नाही, ही चूक भले भले करतात.

टोयोटाच्या हायलक्सची कीर्ती जगभर आहे. ही गाडी १९६८ साली जपानात आली. १९८७ साली आफ्रिकेतल्या चाड देशाच्या फौजेने टोयोटाच्या पिकअप आणि जीपा वापरून लिबियाच्या रणगाड्यांना पळवून लावलं. त्या लढाईला आजही ‘टोयोटा युद्ध’ म्हणतात. गोष्ट खरी आहे. पण त्या वाळवंटात किती गाड्यांचे एक्सल तुटले याची वही कोणी ठेवली नव्हती. शिवाय ती वाळू होती. वाळू कोरडी असते, झाडली की पडते.

आमची माती निराळी

काळी माती अतिशय बारीक, चपट्या कणांची असते. हे कण पाणी पिऊन फुगतात. उन्हाळ्यात तीच माती आकसते आणि भेगा पडतात, इतक्या की चप्पल आत जावी. पावसात फुगलेली माती टायरच्या खाचांत भरते आणि सुटत नाही. दहा चकरांत नव्या टायरचं टक्कल होतं. रबर झिजत नाही, खाचा बुजतात. मग चाक मातीवर माती घासत बसतं.

त्यात चोपडा, यावल, रावेर पट्ट्याची आणखी एक अडचण आहे. सातपुडा आणि तापी यांच्या मधल्या या भागात गाळाचा थर शेकडो फूट खोल आहे. धुळ्याकडच्या बऱ्याच शिवारात हातभर खणलं की मुरूम लागतो, चाक रुतलं तरी तळाला टेकतं. इकडे तळच नाही. चाक जितकं फिरवाल तितकं ते स्वतःची विहीर खणतं.

फक्त पावसाळ्यातच असं होतं, हाही गैरसमज आहे. केळीला ठिबक वर्षभर चालतं. मृगबाग असो की कांदेबाग (केळीच्या लागवडीचे हे दोन हंगाम), घड काढायला गाडी बागेच्या कडेला लावली की जमीन ओली असतेच. एक घड साधारण वीस-पंचवीस किलोचा धरा. ऐंशी घड भरले की दोन टनांच्या आसपास वजन गेलं. भर उन्हाळ्यात, पंचेचाळीस अंश तापमानात, चिखलात फसलेली पिकअप बघायची असेल तर आमच्याकडे या.

इथे सगळ्यात स्वस्त उपाय टायरमध्ये आहे. चिखलासाठी मोठ्या, दूर-दूर ठोकळ्यांचे टायर मिळतात. त्यांच्या रुंद खाचांतली माती चाक फिरताना बाहेर फेकली जाते. दुसरा उपाय फुकटचा, हवा थोडी कमी करायची. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा आणि उंट शेजारी उभे बघितलेत तर लक्षात येईल. घोड्याचा खूर लहान आणि टणक, तो रुततो. उंटाचं पाऊल पसरतं, म्हणून तो तरतो. हवा कमी केली की टायरचं पाऊल पसरतं. मात्र भरलेल्या गाडीला हे करू नका, आणि डांबरीवर येताच हवा पुन्हा भरा. नाहीतर टायर तापून फुटतो.

चाक फिरतं, गाडी हलत नाही

फसलेल्या गाडीचं एक चाक गरगर फिरतं आणि दुसरं शहाण्यासारखं स्वस्थ उभं असतं. असं का? याचं कारण मागच्या एक्सलच्या मधोमध जो भोपळ्यासारखा गोळा दिसतो, त्यात आहे. त्याचं नाव डिफरन्शिअल.

तो लावला कशाला ते आधी. खळ्यावर पात धरलेली ज्यांनी पाहिली असेल त्यांना आठवेल, तिवड्याजवळचा, म्हणजे मधल्या खांबाजवळचा, बैल कमी चालतो आणि कडेचा जास्त. गाडी वळते तेव्हाही बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं. दोन्ही चाकं एकाच दांड्याला घट्ट बांधली तर वळणावर एक चाक घसटत जाईल. डिफरन्शिअल दोघांना आपापल्या वेगाने फिरायची मुभा देतो.

पण ही मुभा चिखलात महाग पडते. बैलगाडीचं जू मधोमध बांधलेलं असतं. एका बैलाने अंग टाकलं की जू तिरपं होतं आणि दुसरा कितीही जोरकस असला तरी त्याचा जोर वाया जातो. जोडीची ताकद कमजोर बैलाएवढीच. डिफरन्शिअलही दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो, आणि तो घसरणाऱ्या चाकाला जेवढा पेलवेल तेवढाच. चिखलातल्या चाकाला काहीच पेलवत नाही, म्हणून कोरड्यावरच्या चाकालाही काही मिळत नाही.

अशा वेळी एक्सलेटर दाबणं म्हणजे बसलेल्या बैलाला आणखी मारणं. माझे काका, आम्ही त्यांना नाना म्हणतो, फसलेल्या ड्रायव्हरला एकच वाक्य ऐकवायचे: “गाडी फसनी नही, तू फसाडी.”

“मग फोर-व्हील घेतली की झालं ना?”

हा पहिला आक्षेप, आणि तो रास्त आहे. चारही चाकांना जोर मिळाला तर निभाव नक्कीच वाढतो. आपल्याकडे बोलेरो पिकअप आणि कॅम्परमध्ये अशी आवृत्ती मिळते, इसुझूची डी-मॅक्स व्ही-क्रॉस आहे, २०२२ पासून हायलक्सही भारतात आहे.

पण फोर-व्हील गाडीला डिफरन्शिअल दोन असतात, पुढे एक, मागे एक. दोन्ही साधे असतील तर पुढचं एक आणि मागचं एक, अशी दोन चाकं घसरली की गाडी जागेवरच थांबते. यावर उपाय म्हणजे लॉक. बटण दाबलं की जू सरळ खिळलं जातं आणि दोन्ही चाकं एकत्र फिरतात. विक्रेत्याला ‘फोर-बाय-फोर आहे का’ विचारण्याआधी ‘मागच्या एक्सलला लॉक आहे का’ हे विचारा. माझ्या मते आमच्या मातीत दोन चाकांची, पण लॉकवाली आणि चांगल्या टायरची गाडी पुष्कळ कामं निभावून नेते.

गाडीच्या उंचीबद्दलही एक गंमत आहे. लोक चेसी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, किती उंच आहे ते बघतात. माल भरला की पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, दबतात आणि चेसी खाली येते. तो मधला भोपळा मात्र पाट्यांच्या खाली, एक्सलवरच असतो. तो रिकाम्या गाडीत जेवढा उंच तेवढाच भरलेल्या गाडीत. त्याची उंची ठरते टायरच्या मापावर. म्हणजे गाडवाटेच्या मधल्या उंचवट्यावर तो टेकणार असेल, तर पाटे वाढवून काही होत नाही.

आणि फोर-व्हील असलेला माणूस फसतो तो जास्त आत जाऊन फसतो. ट्रॅक्टरवाल्याला विचारा.

चिखलाचं बिल उशिरा येतं

मला सांगायचं आहे ते मुख्यतः हेच, कारण मालकांच्या गोष्टींत नेमकं हे कधी नसतं.

काही वर्षांपूर्वी भाद्रपदात नानांची पिकअप नाल्यात अडकली. मागची चाकं अर्धी पाण्यात. अर्धा तास खटपट, मग ट्रॅक्टर, दोर, शिव्या आणि अखेर गाडी बाहेर. संध्याकाळी ओट्यावर गोष्ट रंगली. “एवढं पाणी होतं, तरी इंजिन बंद पडलं नाही!” महिनाभर आमच्या घरात ती गाडी म्हणजे हत्ती होती.

दिवाळीनंतर मागून बारीक कुरकुर सुरू झाली. भुसावळ रस्त्यावरच्या चाचा मिस्तरींनी एक्सलचा बोल्ट काढला. आतून तेल आलं ते ताकासारखं पांढुरकं. बेअरिंग गेलेलं, दात्यांना गंज. नाना म्हणाले, कंपनीचा मालच हलका. चाचा हसले आणि म्हणाले, नाल्यात कधी गेला होता?

झालं असं होतं. माल भरून आलेल्या गाडीचा एक्सल गरम असतो. आतली हवा तापून फुगलेली. हवा ये-जा करायला वर एक छोटी श्वासनळी ठेवलेली असते. गरम एक्सल अचानक गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि जिथून मिळेल तिथून आत ओढली जाते. श्वासनळी पाण्याखाली असेल तर हवेऐवजी पाणी. तेलात पाणी मिसळलं की ते वंगण राहत नाही. त्या दिवशी काहीच कळत नाही. दोन महिन्यांनी कळतं.

म्हणजे एकाच प्रसंगाच्या दोन नोंदी झाल्या: ‘चिखलातून निघाली, दणकट आहे’ आणि ‘एक्सल गेला, भरवसा नाही’. दणकटपणाचा प्रत्येक प्रसंग भरवशाच्या खात्यातून थोडी रक्कम काढून नेतो. पाण्यातून गेल्यावर आठवडाभरात एक्सलचं तेल तपासलं असतं तर चार लिटर तेलाच्या आत काम भागलं असतं. त्याऐवजी नानांनी पाच आकडी बिल भरलं आणि कंपनीला नावं ठेवली ती आजतागायत.

ओझं

यावर कोणी मोकळेपणाने बोलत नाही. २००५ साली आलेली टाटा एस, आपला ‘छोटा हत्ती’, दोन सिलिंडरची, साधारण पाऊण टनाची गाडी. तिच्यावर दीड टन कांदा नेणारे मी पाहिले आहेत. तेच नंतर म्हणतात, गाडी टिकली नाही.

लोखंडी तार एकदा वाकवली तर तुटत नाही. पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, आणि जितकी जास्त वाकवाल तितक्या कमी वेळा लागतात. पाटे, एक्सल, चेसी सगळ्यांना हाच नियम. रस्त्यालाही. अमेरिकेत १९५८ ते १९६० दरम्यान झालेल्या एका मोठ्या चाचणीतून दिसलं की एक्सलवरचं वजन वाढलं की रस्त्याची झीज साधारण चौथ्या घाताने वाढते. सोपं करून सांगायचं तर वजन वीस टक्के जास्त, तर झीज जवळपास दुप्पट. वजन दुप्पट, तर झीज सोळापट. आपला रस्ता आपणच खातो आणि मग तो रस्ता आपली गाडी खातो.

‘जादा पाटा टाकून घेतला आहे’ असं सांगणाऱ्याला विचारा, जादा बेअरिंग टाकलं का? जादा ब्रेक? पाटा वाढवल्याने गाडी बसत नाही एवढंच. जो धक्का पाटा झेलत होता तो आता थेट चेसीला जातो.

“जुन्या गाड्याच बऱ्या होत्या”

दुसरा आक्षेप. यात तथ्य आहे, पण अर्धंच.

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ हा प्रदूषणाचा नियम लागू झाला. तेव्हापासून बऱ्याच डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारी जाळी असते. चुलीच्या धुराड्यात काजळी साचते तशी ती या जाळीत साचते, आणि गाडी ती स्वतःच जाळून टाकते. त्यासाठी धूर सहाशे अंशांच्या आसपास तापावा लागतो. जळगावच्या मे महिन्यालाही हे जमत नाही, हमरस्त्यावर सलग पळणाऱ्या इंजिनालाच जमतं. ज्याची गाडी घर ते शेत, शेत ते गोडाऊन अशी तीन-तीन किलोमीटर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये फिरते, त्याची जाळी तुंबते, दिवा लागतो, गाडीचा जोर जातो. सुरतेला माल नेणाऱ्या शेजाऱ्याला तो दिवा कुठे असतो तेही माहीत नसतं. पुन्हा दोन जबाब.

दुसरं, डिझेल. आजच्या इंजिनात डिझेल १,६०० बार आणि त्याहून जास्त दाबाने फवारलं जातं. कारच्या चाकातली हवा दोन-सव्वादोन बार असते, त्यावरून अंदाज करा. फवारणीची छिद्रं ठिबकच्या छिद्रांपेक्षा कितीतरी बारीक. ठिबकचा फिल्टर साफ केला नाही तर काय होतं ते खानदेशात कोणाला सांगायला नको. ड्रमात साठवलेलं, पाणी उतरलेलं डिझेल जुनं इंजिन खोकत-खोकत पचवायचं. नवं पचवत नाही.

जुन्या इंजिनाची खरी श्रीमंती भरवशात नव्हती. ते लवकर उघडावं लागायचं, तेल खायचं, धूर सोडायचं. पण ते पान्याने उघडायचं. आता स्कॅनर लागतो आणि तो धडगावच्या घाटात मिळत नाही.

“मग सगळं गाव एकच गाडी घेतं, ते काय वेडं?”

अजिबात नाही. गावाने एकच गाडी घेतली की मिस्तरीचा हात तिच्यावर बसतो, पाटा आणि क्लचप्लेट तालुक्याला मिळते, विकायला काढली तर आठवड्यात गिऱ्हाईक येतं. म्हणजे गाव बहुतेक वेळा तिसरा गुण विकत घेतं, दुरुस्तीची सोय. शेतमाल वाहणाऱ्याला तो पहिल्या दोन गुणांपेक्षा जास्त कामाचा, कारण कापलेला घड थांबत नाही. गाडी वर्षात तीनदा बंद पडली आणि तिन्ही वेळा दुपारपर्यंत चालू झाली, हे एकदाच बंद पडून आठ दिवस शोरूमच्या रांगेत उभं राहण्यापेक्षा परवडतं. तीस लाखांच्या आसपास किमतीची हायलक्स कितीही भरवशाची असो, तिच्या हौद्यात केळीचे घड टाकलेले मी अजून पाहिले नाहीत.

फक्त ‘गाव घेतं म्हणून ती बिघडत नाही’ असं समजू नका. गाव घेतं कारण बिघडली तरी भागतं.

जुनी घ्यायला गेलात तर

मीटरवर भुलू नका. ट्रॅक्टर विकत घेताना आपण किलोमीटर विचारत नाही, तास विचारतो. पिकअपला मात्र किलोमीटर. हमरस्त्यावरचे साठ किलोमीटर म्हणजे इंजिनाचा एक तास. बागेतले सहा किलोमीटर म्हणजेही एक तास, आणि तो पहिल्या गिअरमधला, माल भरलेला. चाळीस हजार फिरलेली बागेतली गाडी दोन लाख फिरलेल्या सुरत-धुळे गाडीपेक्षा म्हातारी असू शकते.

मालकाला ‘कशी आहे’ विचारू नका, तो चांगलीच म्हणेल. काय वाहत होता, कुठे, चालवत कोण होतं आणि कोणता भाग कधी बदलला, एवढं विचारा. कापसाच्या हंगामात जिनिंगवर उभी राहायची का, तेही विचारा, आणि रेडिएटरच्या जाळीत रुई अडकली आहे का बघा. हौद्याखाली वाकून चेसीला कुठे वेल्डिंगची शिवण दिसते का पाहा. जादा पाटा दिसला तर मनातली किंमत खाली आणा.

आणि सोबत मिस्तरी न्या. मागच्या एक्सलचा बोल्ट काढून तो बोट आत घालेल. बोटावर तेल मधाच्या रंगाचं किंवा काळपट आलं तर पुढचं बोलणं करा. ताकासारखं आलं तर मालकाकडे बघून फक्त एवढंच विचारा, “कोणता नाला?”